कुठलंही जनुक लावा, जांभळं कवचाच्याच जागी: लार्व्हातल्या इन-सिटूचं समस्या निवारण

“ताई, परत जांभळं.” एवढाच निरोप, आणि खाली सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला मोबाइल टेकवून काढलेला धूसर फोटो. वर्षातून पाच-सहा वेळा तरी हा निरोप येतो. कधी पुण्याहून, कधी गोव्याहून, कधी आमच्याच मजल्यावरच्या शेजारच्या खोलीतून. माझं काम कालवांच्या पिल्लांवर चालतं. कोकणात खात आलो ती कालवं नव्हेत, तर मूळचं जपानकडचं पॅसिफिक कालव, जे आता फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर शेतीत वाढवतात. लार्व्हांना आम्ही लॅबमध्ये पिल्लंच म्हणतो, इथेही तेच म्हणते.

विषय आहे अख्ख्या पिल्लात एखादं जनुक कुठे चालू आहे ते रंगाने दाखवायचा. म्हणजे होल-माउंट इन-सिटू: चालू जनुकाच्या आरएनए प्रतीला (एमआरएनएला) जोडी जमवून चिकटणारा आरएनएचा तुकडा, म्हणजे प्रोब, त्याला डीआयजी (डायगॉक्सिजेनिन) ही खूण; त्या खुणेला धरणारी, अल्कलाइन फॉस्फटेझ हे एन्झाइम लावलेली अँटिबॉडी; आणि त्या एन्झाइममुळे जांभळा साका देणारा एनबीटी-बीसीआयपीचा रंग. सी-अर्चिन (काटेरी समुद्री प्राणी), सिओना (खडकाला चिकटणारा पिशवीसारखा प्राणी), नेमॅटोस्टेला (समुद्रफूल) किंवा प्लॅटिनेरिसवर (समुद्री किड्यावर) काम करत असाल तरी क्रम हाच. फरक पडतो तिथे सांगेन.

लक्षणं

आधी आपला प्रकार ओळखा.

- दहा-पंधरा मिनिटांत अख्खं पिल्लू एकसारखं जांभळं किंवा गुलाबी-तपकिरी होतं. कुठे गडद, कुठे फिकं असा भेदच नाही.
- अंग स्वच्छ, पण एक जागा हमखास रंगते, आणि प्रत्येक जनुकाला तीच. कालव किंवा समुद्री गोगलगायीच्या ट्रोकोफोरमध्ये (पोहणाऱ्या कोवळ्या पिल्लात) पाठीवरचं कवच-क्षेत्र, म्हणजे कवच बनतं ती जागा, सी-अर्चिनच्या प्लूटियस नावाच्या पिल्लात आतडं, प्लॅटिनेरिसमध्ये धागा काढणाऱ्या ग्रंथी.
- रंग पेशीत नसून पोकळीत साचलेला, किंवा अंगावर सुयांसारखे निळे स्फटिक.
- दोन दिवस झाले तरी काहीच नाही. द्रावण मात्र गुलाबी होत चाललंय.
- रंग बरा, पण पिल्लं फाटलेली, सिलियांचा (पोहायच्या बारीक केसांचा) पट्टा गळालेला.

यातलं दुसरं लक्षण सगळ्यात फसवं, कारण ते चुकीसारखं दिसतच नाही. या नोंदीचा मोठा भाग त्याच्यावरच आहे.

रंग करतं कोण?

१९६९ मध्ये जोसेफ गॉल आणि मेरी-लू पार्ड्यू यांनी ही पद्धत मांडली तेव्हा प्रोबला किरणोत्सारी खूण असायची. १९८९ मध्ये टाउट्झ आणि फायफल यांनी फळमाशीच्या अख्ख्या भ्रूणात डायगॉक्सिजेनिनची खूण वापरून दाखवली आणि तिथून आजची पद्धत रुळली. डायगॉक्सिजेनिन हा डिजिटॅलिस या झाडातला पदार्थ. प्राण्यांच्या शरीरात तो नसतो, म्हणून त्याला शोधणाऱ्या अँटिबॉडीला प्रोबखेरीज दुसरं काही ओळखीचं सापडू नये, असा हिशोब आहे.

हिशोब चुकतो तो चार ठिकाणी. प्राण्याचं स्वतःचं फॉस्फटेझ रंग तयार करतं. किंवा अँटिबॉडी उगाच कुठे तरी चिकटते. किंवा प्रोबच उगाच चिकटतो. किंवा रंग कुणीही न बनवता नुसता बसतो, घरातल्या धुळीसारखा. जांभळं दिसलं की जवळपास प्रत्येक जण तिसऱ्यावर संशय घेतो आणि नवा प्रोब बनवायला बसतो. म्हणजे आठवडा गेला. मीसुद्धा हेच करत होते. म्हणून खालच्या यादीत प्रोब बराच खाली आहे.

१. आधी नीट बघा

खर्च शून्य. पिल्लं खालून येणाऱ्या प्रकाशात बघितली असतील तर एकदा पांढऱ्या पार्श्वभूमीवर वरून प्रकाश टाकून बघा. खालच्या प्रकाशात कवचाची कड, पिवळ्या बलकाचा दाट भाग आणि सिलियांचे गुच्छ नुसत्या सावलीनेही काळपट दिसतात. माझ्याकडे आलेल्या फोटोंतली निदान दोन “सिग्नलं” ही सावलीच होती.

मग मोठ्या भिंगाखाली फोकस हळूहळू वरून खाली न्या. एमआरएनएचा खरा सिग्नल पेशीद्रव्यात असतो, त्यामुळे पेशीच्या कडा कळतात आणि मधलं केंद्रक फिकं राहतं. साचलेल्या रंगाला कडा नसतात, तो पोकळीच्या आकाराचा असतो. आतडं, ब्लास्टोसील (भ्रूणातली पोकळी), डी-आकाराच्या पिल्लाच्या दोन शिंपल्यांमधली फट, सिओनाच्या अंगावरचं ट्यूनिक हे आवरण: आत गेलेलं द्रावण जिथून सहज बाहेर पडत नाही तिथे रंग साचतो. एकावर निकाल काढू नका, निदान वीस पिल्लं बघा.

रंग गुलाबी-तपकिरी असेल तर घाईने फेकू नका. रंगाची क्रिया थांबवून पुन्हा थोडा वेळ फिक्स करा (फॉर्मल्डिहाइडने ऊती जागच्या जागी पक्क्या करा) आणि इथेनॉलमध्ये पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत, भिंगाखाली लक्ष ठेवून धुवा. गुलाबी पुष्कळसा निघून जातो, खरा साका निळा होऊन मागे राहतो. हे कळायच्या आधी मी किती ट्यूबा केराच्या डब्यात टाकल्या ते मोजलेलं नाही, बरंच आहे.

२. रंगाचं द्रावण

ही तपासणी ‘काहीच दिसत नाही’वाल्यांनी आधी करावी. थोड्या रंगाच्या द्रावणात अगदी कणभर अँटिबॉडी टाका. काही मिनिटांत ते जांभळं झालं तर एन्झाइम, एनबीटी, बीसीआयपी आणि बफर चारही ठीक आहेत, दोष मागे कुठे तरी आहे. नाही झालं तर पिल्लांना हात लावू नका, आधी बफर बदला.

बफरचा पीएच ९.५ लागतो आणि मॅग्नेशियम लागतं. ही जोडी फार दिवस एकत्र नांदत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पीएच उतरतो आणि मॅग्नेशियमचा पांढुरका गाळ बसतो. म्हणून हा बफर त्याच दिवशी बनवायचा. दुसरी गोष्ट, पीबीएस, म्हणजे फॉस्फेटचा खारट बफर. अँटिबॉडीनंतरची धुणी पीबीएसमध्ये झाली असतील तर उरलेलं फॉस्फेट अल्कलाइन फॉस्फटेझला अडवतं आणि मॅग्नेशियमबरोबर साका करतं. रंगाआधी तीन वेळा नुसत्या अल्कलाइन बफरमध्ये धुवा. एनबीटी-बीसीआयपीचं ताजं द्रावण फिकट पिवळं असतं. पिल्लं टाकायच्या आधीच ते गुलाबी दिसलं तर बाद. रंग चढेपर्यंत ट्यूब अल्युमिनियम फॉइलमध्ये, कारण उजेडातही द्रावण आपोआप रंगतं आणि स्फटिकांची सुरुवात बहुधा तिथेच होते.

३. थर्मामीटर बुडवा

पडद्यावर ६५ दिसतंय म्हणून ट्यूबमध्ये ६५ अंश आहेत असं नाही. आमच्या जुन्या ओव्हनमध्ये पाण्याची ट्यूब ठेवून आत थर्मामीटर बुडवला तेव्हा ५८ निघाले. हायब्रिडायझेशननंतरच्या (प्रोब जनुकाच्या प्रतीला जोडायच्या पायरीनंतरच्या) धुण्यात तापमान वर आणि मीठ कमी, या दोघांच्या जोरावर चुकीच्या जागी अर्धवट बसलेला प्रोब सुटतो. सात अंश कमी म्हणजे तो सुटतच नाही. ओव्हनमधून काढून टेबलावर धुण्याची सवय असेल तर तीही इथेच मोडा: धुण्याचं द्रावण आधी तापवून ठेवा आणि एका वेळी दोन-तीनच ट्यूबा बाहेर काढा.

४. चार ट्यूबा

इतकं करून दोष सापडला नाही तर आता अंदाज बंद. त्याच बॅचची पिल्लं चार ट्यूबांत वाटा.

पहिलीत ना प्रोब, ना अँटिबॉडी. इथे रंग आला तर प्राण्याचं स्वतःचं एन्झाइम. दुसरीत प्रोब नाही, अँटिबॉडी आहे. पहिली स्वच्छ आणि ही रंगली तर अँटिबॉडी चिकटतेय. तिसरीत असा प्रोब, ज्याचा जोडीदार या प्राण्यात नाहीच. ही रंगली तर प्रोब म्हणून जे काही टाकाल ते चिकटणार. चौथीत असं जनुक, ज्याची जागा सगळ्यांना माहीत आहे.

तिसरीसाठी बहुतेक जण सेन्स प्रोब, म्हणजे जनुकाच्या प्रतीसारखाच असलेला आणि म्हणून तिला न जुळणारा प्रोब, वापरतात. चालतो, पण काही जनुकांची उलटी प्रत पेशीत खरोखरच बनते आणि मग सेन्स प्रोबही खरा सिग्नल देतो. मी काजव्याच्या ल्युसिफरेझचा प्रोब ठेवते. कालवात काजवा नाही, वाद संपला. लांबी मात्र तुमच्या खऱ्या प्रोबएवढीच आणि मात्राही तेवढीच हवी. कमी टाकून “बघा, स्वच्छ” म्हणण्यात अर्थ नाही.

चौथीसाठी ट्रोकोफोरमध्ये ट्युब्युलिन सोयीचं, सिलियांचा पट्टा उठून दिसतो. सी-अर्चिनमध्ये सांगाड्याच्या पेशींसाठी एसएम५०, सिओनात नोटोकॉर्डसाठी ब्रॅक्युरी, नेमॅटोस्टेलात दंशपेशींसाठी मिनिकोलॅजन.

यात एक खाच आहे. पहिल्या दोन ट्यूबांत प्रोब नाही म्हणून लोक त्यांना हायब्रिडायझेशनला बसवतच नाहीत, फ्रीजमध्ये ठेवून देतात. तसं केलं तर निकाल खोटा. बराचसा आतला फॉस्फटेझ त्या रात्रभराच्या ६०-६५ अंशांतच मरतो. ज्या ट्यूबेने ती उष्णता भोगलीच नाही तिच्यात आतडं जांभळं होणारच, आणि तुम्ही नसलेल्या चोराच्या मागे लागणार. चारही ट्यूबा पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत बरोबर चालवा.

आणि झाकणावर मार्करने लिहू नका. इथेनॉलचा एक थेंब पडला की चार ट्यूबा चौघी जुळ्या बहिणी होतात. पेन्सिलीने कागदाची चिठ्ठी लिहून रॅकला चिकटवा, जागा बदलू नका.

पहिली ट्यूब खरंच रंगली तर लेव्हामिसोल घाला. जंताच्या औषधातलं तेच. पण आतड्याचं फॉस्फटेझ त्याला फारशी दाद देत नाही. सिओनाच्या एंडोडर्ममध्ये (ज्यातून आतडं बनतं त्या थरात) हे एन्झाइम इतकं पक्कं असतं की संशोधक त्याचाच रंग एंडोडर्मची खूण म्हणून वापरत आले, सी-अर्चिनच्या आतड्याचंही तसंच. अशा वेळी हायब्रिडायझेशनचं तापमान आणि वेळ वाढवून बघायची. तरी हटेना तर फॉस्फटेझ सोडून पेरॉक्सिडेझ लावलेल्या अँटिबॉडीकडे वळायचं.

५. अँटिबॉडी आणि धुणी

दुसरी ट्यूब रंगली तर अँटिबॉडी आणखी पातळ करा. १:२००० वर चालवत असाल तर १:५००० वर या. त्याच प्राण्याच्या फिक्स केलेल्या, कुटलेल्या पुडीबरोबर अँटिबॉडी आधी तासभर फिरवली की चिकटणारा वाटा त्या पुडीतच अडकतो. ब्लॉकिंगचं द्रावण ताजं घ्या. मग धुणी वाढवा. एक लांबलचक धुणं आणि सहा छोटी धुणी यात सहा छोटी जिंकतात, आणि त्यानंतर एक रात्र ४ अंशांवर आणखी धुवून बघितलं तर बिघडत नाही.

कालवाचं अंडं साधारण ५० मायक्रॉनचं, ट्रोकोफोर त्याहून जेमतेम मोठं. प्रत्येक धुण्यात पिपेटबरोबर थोडी पिल्लं जातात, म्हणून माणूस घाबरून ट्यूबेत बरंच जुनं द्रावण ठेवतो, आणि मग धुणं नावापुरतं. बारीक जाळीची टोपली वापरा, किंवा पिल्लं बसू द्यायला पूर्ण वेळ द्या.

६. कवच-क्षेत्राचं जांभळं: ॲसिटिलेशन

आता ज्यासाठी ही नोंद लिहायला बसले ते.

मी कवच बनवणारी जनुकं शोधत होते. पहिलं जनुक लावलं, पाठीवरच्या कवच-क्षेत्रात सुरेख गडद जांभळं, बाकी अंग स्वच्छ. दुसरं लावलं, तसंच. तिसरं, तसंच. आनंदाला पारावार नाही. लॅबच्या बैठकीत चित्रं दाखवली. तेव्हा मागच्या खुर्चीतून एका वरिष्ठ बाईंनी शांतपणे विचारलं, “ज्याचा कवचाशी काही संबंध नाही असं काही लावून बघितलंस का?” नव्हतं बघितलं. त्या आठवड्यात काजव्याचा प्रोब लावला. कवच-क्षेत्रात सुरेख गडद जांभळं, बाकी अंग स्वच्छ.

दोन हिवाळ्यांचं काम तिथे संपलं. जे बघायचं होतं तेच दिसत होतं, म्हणून कंट्रोल करायची गरजच वाटली नव्हती. स्नायूंची जनुकं शोधत असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

कारण असं. या वयात पिल्लाची कवच-ग्रंथी कवचाचा पहिला सेंद्रिय पापुद्रा स्रवू लागते. आरएनएचा प्रोब ऋणभारित. ऊतींमधल्या मोकळ्या अमिनो गटांवर धनभार. एकमेकांची ओळख नसताना दोघं चिकटतात, जोडी जमण्या-न जमण्याचा प्रश्नच नाही. म्हणूनच नुसतं तापमान वाढवून हा डाग जात नाही, आणि दुसरी ट्यूब स्वच्छ राहून तिसरी रंगते. चार ट्यूबांचा हा नमुना दिसला की निदान झालंच समजा.

उपाय जुना आणि स्वस्त आहे. प्रोटिनेझची पायरी (खाली ७ मध्ये) झाल्यावर, हायब्रिडायझेशनच्या आधी, पिल्लं ०.१ मोलर ट्रायइथेनॉलअमिनमध्ये न्यायची, पीएच ८ च्या आसपास. त्यात ॲसेटिक अनहायड्राइड आधी ०.२५ टक्के, पाच मिनिटं. मग ०.५ टक्के, आणखी पाच मिनिटं. अमिनो गटांवर ॲसिटिल टोपी बसते, धनभार जातो, प्रोबला धरायला काही उरत नाही.

हे करूनही गेलं नाही असं सांगणाऱ्यांच्या बाबतीत दोनच चुका सापडल्या आहेत. पहिली, अनहायड्राइड आधीच द्रावणात मिसळून ठेवलेलं. पाण्यात ते काही मिनिटांत फुटून साधं ॲसेटिक ॲसिड होतं, म्हणजे तुम्ही पिल्लांना व्हिनेगरमध्ये बुडवलंत. पिल्लं तयार, मग थेंब टाका, लगेच जोरात हलवा. ते तेलासारखं तळाशी बसतं, हलवलं नाही तर मिसळतच नाही. दुसरी चूक, ट्रायइथेनॉलअमिन काकवीसारखं घट्ट असतं, पिपेटने मोजलं की अर्धं टोकातच राहतं. वजनाने मोजा.

भारतातल्या वाचकांसाठी: ॲसेटिक अनहायड्राइड हे अमली पदार्थविषयक कायद्याखालचं नियंत्रित रसायन आहे. शेजारच्या लॅबकडून छोटी बाटली उसनी आणण्याचा प्रकार करू नका. खरेदी आणि नोंद संस्थेच्या भांडार विभागातूनच होऊ द्या. आणि ही पायरी फ्यूम हूडमध्येच. वाफ डोळ्यांना झोंबते, कातडी भाजते.

दंशपेशी असलेल्या प्राण्यांतही ही पायरी फायद्याची, हायड्रावर काम करणाऱ्यांकडे ती पूर्वीपासूनच असते. बुळबुळीत श्लेष्म असलेल्या गोगलगायींत त्याच्याआधी एन-ॲसिटिल सिस्टीनने श्लेष्म काढावा लागतो, नाही तर काहीच आतपर्यंत पोचत नाही.

७. प्रोटिनेझ के

पिल्लं फाटत असतील तर इथे या. सिग्नल नसेल तरीही इथेच या. प्रोटिनेझ फिक्स झालेल्या प्रथिनांच्या जाळीला भोकं पाडतं, प्रोबला वाट करून देतं. कमी पडलं तर वाट नाही, जास्त झालं तर पिल्लू नाही.

दुसऱ्या प्राण्याचे आकडे उचलू नका. प्लॅटिनेरिसला मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम एक-दोन मिनिटं सोसतं. मी कालवाच्या ट्रोकोफोरला १० पासून सुरुवात करते. दर नव्या बाटलीला ०, ५, १०, २० अशा चार मात्रा लावून बघा, कारण एकाच नावाच्या दोन बाटल्यांची ताकद सारखी नसते. पायरी संपताच ग्लायसिन, मग लगेच पुन्हा फिक्स. या दहा मिनिटांत ट्यूब हलवू नका आणि फोन घेऊ नका.

८. आता प्रोब

इतक्या खाली आल्यावर प्रोबवर संशय घ्यायला हरकत नाही. क्रमाने: जेलवर एक ठळक पट्टी दिसते का, की पुसट डाग? डाग म्हणजे आरएनए तुटला आहे. डीआयजी खरंच बसला का? नायलॉनच्या पट्टीवर प्रोबचे उतरत्या मात्रेचे ठिपके देऊन अँटिबॉडी आणि रंग लावा, दोन-तीन तासांचं काम. एक मायक्रोग्रॅम डीएनएपासून साधारण दहा मायक्रोग्रॅम प्रोब मिळायला हवा, एखादाच मिळत असेल तर साचा अशुद्ध आहे.

साचा म्हणून प्लाझमिड कापून वापरत असाल तर ते पूर्ण कापलं गेलं का बघा. न कापलेल्या गोलातून पॉलिमरेझ फिरतच राहतं, व्हेक्टरची लांब शेपटी प्रोबला लागते आणि अख्खं पिल्लू फिकट जांभळं होतं. ३′ टोक बाहेर ठेवून कापणारी एन्झाइम, म्हणजे केपीएन-१, एसएसी-१, पीएसटी-१, इथे टाळलेली बरी. त्या टोकावरून पॉलिमरेझ उलटा धागाही काढू लागतं. टी७ आणि एसपी६ या पॉलिमरेझांची अदलाबदल झाली नाही ना? हसू नका, सगळ्यांची होते.

जनुक कुटुंबातलं असेल, उदाहरणार्थ हॉक्स, तर १८० बेसचा होमिओबॉक्स प्रोबच्या बाहेर ठेवा. तो भाग भावंडांत इतका सारखा असतो की प्रोब सगळ्यांच्या घरी जाऊन येतो. ३′ अनट्रान्सलेटेड (एमआरएनएच्या शेवटच्या, प्रथिन न बनवणाऱ्या) भागावरचा सहाशे-आठशे बेसचा प्रोब मला सगळ्यात विश्वासाचा वाटतो. पॅसिफिक कालवाचा जीनोम २०१२ मध्ये आला, पण या प्राण्यात व्यक्तीगणिक फरक फार. जीनोमवरून काढलेले प्रायमर तुमच्या कालवात चाललेच नाहीत तर आश्चर्य नको. दोन-तीन जोड्या मागवा.

९. फिक्सिंग

हे शेवटी ठेवलं कारण इथली चूक दुरुस्त होत नाही. नवी पिल्लं लागतात, आणि त्यासाठी पिकलेली कालवं, म्हणजे बहुधा उन्हाळ्याची वाट बघणं.

समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ. पीबीएसची क्षारता त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. समुद्रातलं पिल्लू थेट पीबीएसमधल्या फिक्सेटिव्हमध्ये टाकलं की पेशी फुगतात, काही फुटतात आणि एमआरएनए फिक्स व्हायच्या आत निसटतो. फॉस्फेट समुद्राच्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साका करतं ते वेगळंच. सिओनावाल्यांची कृती मी जशीच्या तशी उचलली: ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, ०.१ मोलर मॉप्स बफर पीएच ७.५, ०.५ मोलर सोडियम क्लोराइड. आखडणाऱ्या पिल्लांना आधी ७.५ टक्के मॅग्नेशियम क्लोराइड समुद्राच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळून त्यात सैल पडू द्या. पॅराफॉर्मल्डिहाइड त्याच दिवशीचं, किंवा फ्रीझरमधून एकदाच वितळवलेलं. फिक्स झाल्यावर मिथेनॉलमध्ये, उणे २० वर. डी-आकाराच्या पिल्लांचं कवच ईडीटीएने विरघळवून घ्या, नाही तर दोन शिंपल्यांत अँटिबॉडी अडकते.

कधी थांबायचं

चौथी ट्यूब रंगली, तिसरी स्वच्छ आहे, आणि तुमचं जनुक दोन पूर्ण फेऱ्यांत काहीच दाखवत नाही, तर थांबा. प्रोबची तिसरी आवृत्ती बनवू नका. पद्धत चालते आहे, जनुकच त्या वयात बंद किंवा फार मंद असेल. जीनोमबरोबरच कालवाच्या वाढीच्या टप्प्यांची आरएनए-सीक (कोणतं जनुक किती चालू आहे याच्या मोजणीची) माहिती उपलब्ध झाली, ती बायोइन्फर्मॅटिक्सच्या माणसाकडून अर्ध्या तासात बघून घेता येते. तिथे आकडा शून्याजवळ असेल तर पिल्लांचं वय बदला. थोडा असेल तर एचसीआरकडे (प्रोबवर चमकणाऱ्या डीएनएची साखळी वाढवणाऱ्या पद्धतीकडे) जा. २००४ मध्ये मांडलेल्या या कल्पनेची २०१८ ची तिसरी आवृत्ती दोन अर्धे प्रोब शेजारी-शेजारी बसल्याखेरीज उजळत नाही, त्यामुळे वाट चुकलेला एकटा प्रोब रंग देऊ शकत नाही. त्यात फॉस्फटेझही नाही, अँटिबॉडीही नाही. पण ते महाग, आणि कन्फोकल सूक्ष्मदर्शक लागतो. शैवाल खाणारी पिल्लं असतील तर पोटातलं क्लोरोफिल लाल रंगात उजळतं, एक दिवस उपाशी ठेवा. हे काम पहिल्यांदा इमेजिंग विभागाच्या तंत्रज्ञाबरोबर बसूनच करा. लेझर आणि फिल्टर निवडण्यात तुमचे दोन महिने जातील, त्यांची दहा मिनिटं.

तिसरी ट्यूब ॲसिटिलेशन नीट करूनही रंगतच असेल तर त्या जागेबद्दल इन-सिटूवरून काहीही लिहू नका. बाकी अंगावरचा सिग्नल वापरा, ती जागा दुसऱ्या पद्धतीने दाखवा.

फॉर्मामाइड, पॅराफॉर्मल्डिहाइड किंवा अनहायड्राइड अंगावर सांडलं, डोळ्यात गेलं, किंवा हूडचा पंखा बंद पडला तर प्रयोग तिथेच सोडा. डोळा वाहत्या पाण्याखाली धरा, सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवा, डॉक्टरकडे जा. पिल्लं खराब झाली तर होऊ देत. हायब्रिडायझेशनच्या द्रावणातलं फॉर्मामाइड गर्भाला घातक आहे. मूल होण्याची शक्यता असेल, तर पर्यवेक्षकाला संकोच न करता सांगा आणि हायब्रिडायझेशनचं द्रावण युरियाचं करून घ्या. ४ मोलर युरियाची कृती २०१८ पासून प्रसिद्ध आहे, क्लायटिया या छोट्या जेलीफिशवर ती उत्तम चालली. आमच्याकडे आता सगळ्यांसाठी तीच असते.

कुणाकडेही मदत मागायला जाताना चारही ट्यूबांचे फोटो एकाच प्रकाशात काढलेले, प्रत्येकीला रंग किती मिनिटांनी दिसला त्याची नोंद, आणि तिसऱ्या ट्यूबेतली थोडी पिल्लं ग्लिसरॉलमध्ये बरोबर न्या. मलाही तेवढंच पाठवा. भिंगाला मोबाइल टेकवलेला फोटो चालेल, पण चार हवेत.